बोट, एसटी आणि बातमी : बुरोंडीच्या किनाऱ्याची गोष्ट

दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, जिथे सडा, म्हणजे कातळाचं पठार, संपून रस्ता समुद्राकडे उतरू लागतो, तिथे बुरोंडी आहे. पर्यटकांना हे गाव ठाऊक असतं ते परशुरामाच्या भव्य पुतळ्यामुळे. मासळीच्या धंद्यातल्या माणसांना ते ठाऊक असतं इथल्या होड्यांमुळे. शेजारी लाडघर, खाली कोळथरे, उत्तरेला हर्णै आणि दक्षिणेला दाभोळ. नकाशावर हा पट्टा महाराष्ट्राला घट्ट चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात मात्र इथली माणसं पिढ्यान् पिढ्या बेटावरच्या माणसांसारखी जगली आहेत.

याचं कारण भूगोलात आहे. पश्चिमेला अरबी समुद्र. उत्तरेला सावित्रीची बाणकोट खाडी, दक्षिणेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी. या दोन मोठ्या खाड्यांच्या मधे भारजा नदी केळशीजवळ आणि जोग नदी आंजर्ल्याजवळ किनारा पुन्हा कापते. पूर्वेला डोंगरांच्या रांगा आणि त्यांच्या मागे सह्याद्रीची भिंत. किनाऱ्याने सरळ चालत जाऊ म्हटलं तर दर काही कोसांवर पाणी आडवं येणार आणि पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, गाठावी लागणार. घाटावर जाऊ म्हटलं तर अख्खा सह्याद्री चढावा लागणार. अशा मुलखात रस्ता ही फार उशिरा आलेली गोष्ट. आधी होतं ते पाणी, आणि पाण्यावरून जे वाहन येई त्याच्यावर माणूस, माल आणि बातमी तिन्ही अवलंबून.

म्हणूनच या किनाऱ्याचा इतिहास वाहनांच्या अंगाने वाचला तर बरंच काही उलगडतं. कुठलं गाव कधी मोठं झालं, कुठलं मागे पडलं, मुंबईची बातमी इथे किती दिवसांनी पोचायची आणि का, या प्रश्नांची उत्तरं एकाच धाग्यात बांधलेली आहेत.

टपाल बोटींचा देश

हा धागा नीट दिसावा म्हणून थोडं दूर, कॅरिबियन भागात जाऊ. बहामाज हा सुमारे सातशे बेटांचा देश. त्यातल्या जेमतेम तीसेक बेटांवर वस्ती. राजधानी नासाऊ ज्या न्यू प्रॉव्हिडन्स बेटावर आहे ते आकाराने लहान, पण देशातल्या दहापैकी सुमारे सात माणसं तिथेच राहतात. बाकीच्या बेटांना नासाऊशी जोडतात त्या टपाल बोटी. नासाऊच्या पॉटर्स के धक्क्यावरून त्या सुटतात. टपाल नेण्यासाठी सरकार त्यांना पैसे देतं, पण बोटीत टपालाच्या पिशव्यांबरोबर पीठ, सिमेंट, फ्रीज, शाळेच्या वह्या आणि प्रवासीही असतात. छोट्या बेटावर बोट लागण्याचा दिवस हा बाजाराचा आणि भेटीगाठींचा दिवस असतो.

बोटीतून येणारी बातमी शिळी असते. ती उणीव रेडिओने भरून काढली. बहामाजचं झेडएनएस हे केंद्र १९३० च्या दशकात सुरू झालं. तेव्हापासून विखुरलेल्या बेटांना एकत्र बांधण्याचं आणि वादळाचा इशारा देण्याचं काम ते करत आलं आहे. कॅरिबियनमधल्या अनेक बेटांवर मृत्यूच्या बातम्या आजही रेडिओवर वाचल्या जातात, कारण दुसऱ्या टोकाच्या नातेवाइकांना वेळेत कळवण्याचा तो जुना, खात्रीचा मार्ग आहे.

एक मोठं शहर, त्याच्याकडे तोंड करून बसलेली छोटी गावं, त्यांना जोडणारी बोट आणि आवाजातून येणारी बातमी. यात नासाऊच्या जागी मुंबई ठेवा, आणि कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल.

बंदरांची चढउतार

आगबोटी येण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावरचं मोठं नाव होतं दाभोळ. बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनचा माल इथून अरबस्तान आणि इराणकडे जाई, मक्केच्या यात्रेकरूंची जहाजं इथून सुटत. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात भारतातून परत निघाला तो दाभोळहूनच. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर जाळलं. त्यानंतर ते सावरलं खरं, पण व्यापाराची केंद्रं पुढे सरकत गेली आणि मुंबई वाढली तसं दाभोळ खाडीच्या तोंडावरचं एक साधं बंदर होऊन राहिलं.

बाणकोटचंही तेच झालं. १७५६ मध्ये ते इंग्रजांच्या हाती आलं आणि काही काळ दक्षिण कोकणचा कारभार तिथून चालला. पुढे मुख्य ठाणं रत्नागिरीला गेलं आणि बाणकोटचं महत्त्व ओसरलं. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीच्या थंड सड्यावर लष्करी छावणी वसवली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. सड्यावरच्या या गावाचं बंदर म्हणजे सुवर्णदुर्गासमोरचं हर्णै. समुद्रापासून दूर असूनही दापोली तालुक्याचं गाव झाली, शाळा-कचेऱ्या तिथे आल्या. बंदरांचं नशीब समुद्राबरोबर बदलत राहिलं. दापोली मात्र कचेरी आणि शाळेच्या आधाराने टिकली.

आगबोटीचे दिवस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या बोटी कोकण किनाऱ्यावर नियमित फिरू लागल्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला लोक ‘शेफर्ड कंपनी’ म्हणत. स्वदेशीच्या काळात तिच्याशी स्पर्धा करायला भारतीयांची सहकारी कंपनी उभी राहिली. तिला लोकांनी आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटलं. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेली बोट श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाई.

हर्णैसारख्या ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून छोट्या होड्या, म्हणजे पडाव, तिच्याकडे निघायचे. बोट आणि पडाव दोन्ही लाटांवर वेगवेगळ्या तालात वरखाली होत असताना बायका, मुलं, वळकट्या, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या हातोहात चढवल्या-उतरवल्या जायच्या. पडाव वर उचलला गेला की नेमक्या त्या क्षणी पाऊल टाकायचं, हे खलाशी ओरडून सांगत. किनाऱ्याला आल्यावर शेवटचं अंतर गुडघाभर पाण्यातून. बुरोंडी, लाडघर, कोळथऱ्याच्या माणसाला मुंबईला जायचं तर आधी हर्णै नाहीतर दाभोळ गाठायचं, तेही पायी किंवा बैलगाडीने.

या बोटींनी कोकणाचं अर्थकारण बदललं. मुंबईच्या गिरण्या आणि गोद्यांना माणसं हवी होती, इथल्या कातळावर शेती तुटपुंजी होती. घरटी एक तरी माणूस चाकरमानी झाला. जाताना बोटीतून माणूस जाई, येताना टपालातून मनीऑर्डर येई. पोस्टमन हा गावातला सर्वांत वाट पाहिला जाणारा माणूस होता, कारण त्याच्या पिशवीत पैसे आणि खुशाली एकत्र असत.

या व्यवस्थेची एक मोठी अडचण म्हणजे पावसाळा. जूनपासून बोटी बंद. खवळलेल्या समुद्रात हर्णैला पडाव घालणं अशक्यच. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवला की मग पुन्हा ये-जा. वर्षातले जवळजवळ तीन महिने किनारा मुंबईपासून तुटलेला असे. बिघडलेल्या हवामानात बोट काढण्याची किंमत किती असते तेही या किनाऱ्याने पाहिलं. १९२७ साली ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या आगबोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

देवळातलं वर्तमानपत्र

बोटीच्या काळात बातमी कशी पोचायची याचं एक जिवंत चित्र बुरोंडीच्या उत्तरेला असलेल्या मुरूड गावातून मिळतं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं बालपण मुरूडला गेलं. १८७० च्या आसपासचा तो काळ. गावातले सोमण गुरुजी सार्वजनिक कामाची हौस असलेले शिक्षक. त्यांच्यामुळे गावात वर्तमानपत्र येई आणि लोकांना ते मोठ्याने वाचून दाखवण्याचं काम ते विद्यार्थी धोंडूवर सोपवत. गावच्या दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या माणसांना एक मुलगा मुंबई-पुण्याच्या बातम्या वाचून दाखवतोय, हे दृश्य त्या काळातल्या कोकणाबद्दल फार काही सांगून जातं. अंक एकच, पण तो ऐकणारे कान कितीतरी. वाचता न येणाऱ्याची बातमी चुकत नव्हती.

त्याच कर्व्यांनी आपल्या ‘आत्मवृत्त’ या पुस्तकात आणखी एक प्रसंग सांगितला आहे. १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर भर पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची ती वाट. तिथे पोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. जिद्दीची कथा म्हणून आपण हा प्रसंग मुलांना सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्यात दळणवळणाचा एक कठोर धडाही आहे. शिक्षणाची, नोकरीची, न्यायाची प्रत्येक संधी दूरच्या शहरात असली आणि तिथे नेणारं वाहन नसलं, तर त्याची किंमत गावातल्या मुलांनाच मोजावी लागते.

मराठी वृत्तपत्राचा जनक कोकणचाच. बाळशास्त्री जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. कॅरिबियनमधल्या जमैकातलं आजही चालू असलेलं ‘ग्लीनर’ हे वृत्तपत्र १८३४ चं, म्हणजे ‘दर्पण’नंतर दोनच वर्षांनी. पुढे १८७१ पासून रत्नागिरीतूनच ‘सत्यशोधक’ निघू लागलं. तरी पत्र कुठलंही असो, ते वाचकापर्यंत पोचायचं ते बोटीच्या आणि टपालाच्या वेगानेच.

वस्तीची गाडी

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढच्या काही दशकांत एसटी कोकणातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली आणि किनाऱ्याची दिशाच बदलली. आतापर्यंत गावाचं तोंड समुद्राकडे होतं. आता ते रस्त्याकडे झालं. मुंबईला जायला हर्णैच्या पुळणीवर जाण्याऐवजी माणसं दापोलीच्या स्थानकावर जाऊ लागली. आगबोटींचे प्रवासी घटत गेले, छोटी बंदरं एकेक करून वगळली गेली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई–गोवा प्रवासी बोटही थांबली.

एसटीने जे काम केलं ते केवळ माणसं नेण्याचं नव्हतं. रात्री गावात मुक्कामाला येणारी ‘वस्तीची गाडी’ ही गावाची घड्याळं लावणारी गोष्ट होती. तिच्या टपावर मासळीच्या पाट्या आणि आंब्याच्या पेट्या असत. आत टपालाच्या पिशव्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, तालुक्याहून मागवलेलं औषध. कंडक्टरला निरोप दिला की तो पुढच्या गावात पोचलाच म्हणून समजावं. मुंबईचा अंक रात्रीच्या गाडीने दापोलीला आणि तिथून सकाळच्या गाडीने खालच्या गावांत येऊ लागला. बातमीचं वय आठवड्यावरून एका रात्रीवर आलं. आणि महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यातही गाडी सुरू राहिली.

रेल्वेची वाट वेगळी. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकुरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. पण हा मार्ग किनाऱ्याने जात नाही. मुखाजवळ खाड्या रुंद असतात, तिथे पूल बांधणं अवघड आणि खर्चिक. आत गेलं की नदी अरुंद होते, डोंगर मात्र फोडावे लागतात. त्यामुळे रूळ सह्याद्रीच्या पायथ्याकडून खेड, चिपळूण असे गेले. महामार्गही त्याच बाजूने. परिणाम असा की व्यापार आणि वस्तीचा ओढा खेड-चिपळूणकडे वळला. दापोलीला रेल्वे नाहीच. तिथल्या माणसाला गाडी पकडायला खेडला जावं लागतं. दापोलीला सावरलं ते १९७२ मध्ये आलेल्या कृषी विद्यापीठाने, शाळा-महाविद्यालयांनी आणि अलीकडे पर्यटनाने. जमैकात याच्या उलट घडलं. तिथे १८४५ मध्येच रेल्वे सुरू झाली होती. रस्ते वाढले, रेल्वेचा तोटा वाढला आणि १९९२ मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या. रूळ आले म्हणजे कायमचे आले, असं कुठेच नसतं.

दरम्यान पाण्यावरच्या वाहतुकीने एका वेगळ्या रूपात पुनरागमन केलं. २००३ मध्ये दाभोळ–धोपावे फेरीबोट सुरू झाली. लोक तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. सपाट तळाच्या या बोटीत मोटारी, दुचाक्या, टेम्पो, माणसं सगळी एकदम चढतात आणि थोड्या मिनिटांत पलीकडच्या काठाला लागतात. एरवी दाभोळहून समोर दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात जायचं तर चिपळूणकडून लांबलचक वळसा पडे. पुढे बाणकोट खाडीतही वेशवी–बागमांडला अशी सेवा सुरू झाली. ज्या खाड्यांनी किनारा तोडला होता, त्याच आता त्याला जोडू लागल्या.

बावट्यापासून मोबाइलपर्यंत

मच्छीमाराच्या आयुष्यात बातमी म्हणजे सर्वांत आधी हवामान. बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य किनाऱ्यावर कुणालाही समजावून सांगावं लागत नाही: वारा उठणार, होड्या काढू नयेत. हे इशारे एक ते अकरा अशा क्रमांकांचे असतात. दिवसा खांबावर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. ढोबळमानाने क्रमांक वाढेल तसा धोका वाढतो. शेवटचा, अकराव्या क्रमांकाचा इशारा मात्र विचार करायला लावणारा आहे. हवामान केंद्राशी असलेला संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते वादळाचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. बातमी येणं थांबणं ही स्वतःच सर्वांत धोक्याची बातमी आहे, हे ज्यांनी ही यादी केली त्यांनी ओळखलं होतं.

पुढे ट्रान्झिस्टर आला. १९७७ मध्ये रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि हवामान, बाजारभाव, भजन, नमन-खेळे हे सगळं आपल्या बोलीच्या जवळच्या आवाजात ऐकू येऊ लागलं. आता होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या हाताशी जीपीएस असतं, वायरलेस असतो. पाण्याचं तापमान आणि हिरव्या शेवाळाचं प्रमाण उपग्रहातून मोजून मासळी कुठे मिळू शकेल याचे अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. किनाऱ्यावर मोबाइल आहे आणि मासळीचा भाव लिलावाच्या आधी फोनवर फिरतो.

३ जून २०२०

त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मंडणगड आणि दापोली तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांची कौलं आणि पत्रे उडाले. झाडं पडून रस्ते बंद झाले, विजेचे खांब मोडले आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. वीज यायला कित्येक गावांत आठवडे लागले. मुंबई-पुण्यातल्या मुलांना आई-वडील सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला मार्ग उरला नाही.

दीडशे वर्षांत बोट, टपाल, एसटी, रेडिओ, फोन असे एकामागून एक मार्ग आले, आणि नव्यांनी जुन्यांना बरंचसं मागे सारलं. शेवटी उरला एक रस्ता आणि एक मनोरा, आणि ते दोन्ही एकाच दुपारी पडले.

त्याआधी नऊ महिने, सप्टेंबर २०१९ मध्ये, बहामाजवर ‘डोरियन’ वादळ आलं होतं. आबाको आणि ग्रँड बहामा ही बेटं उद्ध्वस्त झाली, तिथलेही मनोरे पडले. पण तिथे बोटींची सवय मोडलेली नव्हती. हेलिकॉप्टरांबरोबर खासगी आणि मालवाहू बोटी मदत घेऊन निघाल्या. बेटावरच्या लोकांना वाहनाचे पर्याय राखावेच लागतात. त्यांना गत्यंतर नसतं.

आपल्याला गत्यंतर आहे असं आपण समजतो, आणि इथेच चूक होते. सागरी महामार्ग व्हायलाच हवा, खाड्यांवरचे रखडलेले पूल पूर्ण व्हायलाच हवेत. पण पूल झाला म्हणून जंगलजेटी मोडीत काढू नये. हर्णै, बुरोंडी, दाभोळ इथे प्रवासी आणि माल उतरवता येईल असे धक्के नीट राखले पाहिजेत, कारण रस्ता बंद पडेल त्या दिवशी धान्य आणि औषधं तिथूनच येतील. ग्रामपंचायतीत बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि वायरलेस संच असावा, आणि तो चालवता येणारी दोन-तीन माणसं गावातच असावीत. बोटींवर वायरलेस रोज वापरणारे तांडेल गावात आहेतच, त्यांच्याकडून शिकायचं. रत्नागिरीच्या आकाशवाणीसारखं स्थानिक केंद्र खर्चाच्या हिशेबात लहान दिसतं, पण वादळात त्याचा आवाज मनोऱ्यावर अवलंबून नसलेल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचू शकतो.

नवं वाहन आलं की जुनं लगेच टाकून देण्याची घाई या किनाऱ्याला परवडणारी नाही. दरवर्षी १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या शाकारल्या जातात. त्याच दिवसांत प्रत्येक किनारी गावाने एक साधा आढावा घ्यावा: रस्ता तुटला तर जायचं कसं, आणि फोन बंद पडला तर कळवायचं कसं. या दोन्ही प्रश्नांना प्रत्येकी किमान दोन उत्तरं मिळेपर्यंत ते गाव पावसाळ्याला तयार झालं असं मानू नये.